रंगवून ठेवलेली खोली

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

पाकीट जाड दिसल्यावर तुला वाटलं असेल की बेबीला काहीतरी झालं. काही झालेलं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते आहे. चष्मा लाव, खुर्चीत नीट बस, आणि वहिनींना पाण्याचा पेला हाताशी ठेवायला सांग.

ऑगस्टअखेर मी हॉटेलच्या लाँड्रीतून निवृत्त होते आहे, हे तुला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते असं, की निवृत्त होऊन मी परत येणार नाही. मी इथेच राहणार आहे आणि इथे स्वतःचं घर घेणार आहे. घर पाहूनही झालं. झालं एकदाचं सांगून!

आता तू म्हणशील, हे काय साठीनंतर खूळ. दादा, या देशात लोक ऊन खायला विमानं करून येतात. समोर समुद्र, वर ऊन, हातात थंड पेला. त्यांच्या चादरी फाटल्या की त्या तळघरात माझ्याकडे येतात. तेवीस वर्षं मी तिथे ट्यूबलाइटखाली बसून चादरी, उशांचे अभ्रे आणि टेबलांवरची कापडं रफू करते आहे. खोलीला खिडकी नाही. कामावर उतरताना उजाडलेलं नसतं आणि वर येईपर्यंत ऊन कलतं. इतकी वर्षं उन्हाच्या देशात काढली आणि माझ्या वाट्याला ऊन आलंच नाही. तो वाटा मी आता घेणार आहे. कुणाला मागून नाही, विकत.

घर गावाच्या वरच्या अंगाला, पायऱ्यांच्या गल्लीत आहे. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, वर गच्ची. सकाळी ऊन स्वयंपाकघरात येतं, दुपारी पुढच्या खोलीत पसरतं, आणि संध्याकाळी गच्चीवरून हलायचं नाव घेत नाही. स्वयंपाकघराचा ओटा माझ्या उंचीला बरोबर बसतो. आजवर मी राहिले त्या सगळ्या खोल्यांत मीच वाकले किंवा टाचा उंचावल्या.

घर दाखवायला दलाल आला होता. पिवळा शर्ट, गॉगल, तोंडात सतत काहीतरी. मी पायऱ्या चढून दाराशी पोचले तर त्याने माझ्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं, की गिऱ्हाईक येईलच एवढ्यात, त्याच्या आधी जिना पुसून घे. मी किल्ली घेतली. आत गेले. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या-मिटल्या, गच्चीवर जाऊन पोटभर उभी राहिले. तो खाली गल्लीत घड्याळ बघत गिऱ्हाइकाची वाट पाहत होता. मग मी सावकाश उतरले, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, आणि सांगितलं की गिऱ्हाइकाने घर पाहिलं, पसंत आहे, जिना तेवढा घाण आहे. त्याचा चेहरा बघायला तू हवा होतास.

मालकीण म्हातारी आहे, एकटी. जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होती. गुडघ्यांना आता जिने नकोत म्हणून खालच्या गावात, जुन्या नोकरीतल्या मैत्रिणींच्या वसतिगृहात राहायला जायचं म्हणते. दोन गिऱ्हाइकं तिने परत पाठवली आहेत. का, तर माणसं पसंत नव्हती. मी मनात तिला तपासनीसबाई म्हणते. माझ्याकडे ती अशी बघते की हात आपोआप पर्सकडे जातो.

तर हे असं आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे. राग आला तर येऊ दे, लोभ मात्र होता तेवढाच ठेव.

तुझी
बेबी


ता. २ मार्च

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वाचून झाल्यावर मी त्या दिवशी जेवलो नाही. (तुझी वहिनी म्हणते की जेवलो, आणि भाजी दोनदा मागितली. ते सोड.)

शिंगे मोडून वासरांत शिरायचे हे वय नव्हे. परमुलखात नोकरी करणे वेगळे आणि घर करणे वेगळे. नोकरी संपली की माणूस सामान बांधतो आणि घरी येतो, अशीच जगाची रीत आहे. तुझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवली आहे. फिका निळा, दोन हात. मी स्वतः स्टूल टाकून समोर बसलो आणि काम करवून घेतले. खिडकीला नवी जाळी बसवली. तू येणार म्हणून बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून बसलो आहे. आता काय सांगू? की माझ्या बहिणीला उन्हाचे वेड लागले? ऊन इथे काय कमी आहे?

आता काही गोष्टी विचारतो, त्यांची सरळ उत्तरे दे. उतारावरचे घर म्हणजे खालच्या बाजूची भिंत सगळा भार घेते. तिला भेग आहे का? उभी असेल तर बहुधा प्लास्टरची असते. तिरकी असेल तर पाया खचला असे समज. तशी भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटव. भिंत हलत असेल तर काच फुटेल. गच्चीवर बादलीभर पाणी ओतून पाहिलेस का? कुठल्या बाजूला वाहिले? की नुसती उन्हात उभी राहिलीस? छत्तीस वर्षे ओव्हरसियर म्हणून लोकांच्या भिंती पाहिल्या आणि सख्खी बहीण ओट्याची उंची पाहून घर घेते! हे सगळे तू घर घ्यावेस म्हणून विचारत नाही. घेऊ नयेस म्हणून विचारतो आहे, हे लक्षात ठेव.

दलालाने तुला जिना पुसायला सांगितले, हे वाचून मला हसू आले नाही. त्या मुलखात तुला ते तसेच समजणार. इथे तू कोण आहेस हे सांगावे लागत नाही. कशावरही सही करू नकोस.

तुझ्या वहिनीचे गुडघे पुन्हा धरले आहेत. ती नमस्कार सांगते.

मायेचा हात पाठीवर आहेच. तू पाठ फिरवू नयेस एवढेच.

तुझा
दादा


ता. २६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी तुझी शेळी गुणाची आहे. खालच्या भिंतीला भेग आहे, तिरकी आहे. तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या काचेची पट्टी लावली. हॉटेलच्या फुटलेल्या तसबिरीची काच कापून घेतली. गच्चीवर पाणी ओतलं, ते मागच्या नळीकडे निमूट गेलं. ओव्हरसियरचं सगळं ऐकते आहे. थोरल्या भावाचं ऐकणार नाही. दोघांना वेगळं ठेव.

आणि मला जिना पुसायला सांगितला, यात लाज कुणाची? मी तेवीस वर्षं लोकांच्या चादरी शिवल्या, त्याची लाज मला कधी वाटली नाही. तिथे मी कोण आहे हे सांगावं लागत नाही म्हणतोस, ते बरोबर आहे. तिथे ते सगळ्यांनी आधीच ठरवलेलं आहे.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! गेल्या आठवड्यात दलाल लाँड्रीच्या दाराशी आला आणि अगदी चवीने सांगू लागला, की म्हातारी तुला घर देणार नाही, तू खोटारडी आहेस असं तिचं म्हणणं आहे. मी तिच्याशी खोटं काय बोलले? तो म्हणाला, की तू दर रविवारी घर बघून निघतेस, दारात उभी राहून सांगतेस की मी येते, आणि येत नाहीस.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा, आपण निघताना काय म्हणतो? येते म्हणतो. जाते म्हटलं की आई कशी ओरडायची, आठवतं ना? दारातून जाते म्हणू नये, येते म्हण. इथली भाषा मी आता घडाघडा बोलते. बाजारहाट, बँक, भांडण, सगळं तिच्यात करते. पण उंबऱ्यावर पाय ठेवला की तोंडातून निघतं ते आपलंच, फक्त शब्द त्यांचे. लाँड्रीत ते कुणाला खटकलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी खरोखरच यायची. आणि इथे ही बाई दर रविवारी दुसरी खुर्ची टेबलाशी ओढून, दोन कप मांडून, दार नुसतं लोटून बसायची. जन्मभर तिकिटं तपासलेली बाई ती. एकदा तिकीट विसरलं तर ती समजून घेईल, दरवेळी विसरणाऱ्याला खाली उतरवेल.

मी तशीच कामाच्या झग्यात पायऱ्या चढून गेले. ती दार उघडेना. मी दाराबाहेरूनच सगळं सांगितलं. आमच्याकडे निघणारा माणूस जातो असं म्हणत नाही, जाणं फक्त मेलेल्या माणसाचं असतं, म्हणून येते म्हणायचं, ते वचन नव्हे, निरोप आहे. मग दार उघडलं. ती म्हणाली, की खुलासा मान्य आहे, पण तिने वाट पाहिली ती खरीच पाहिली. तेव्हा जितक्या वेळा येते म्हणालीस तितक्या संध्याकाळी येऊन बस, मग घराचं बोलू. आणि यापुढे नीट जाते म्हणायला शीक.

पहिलं मी कबूल केलं, दुसरं नाही. तिला सांगितलं, की तुमची बाकी सगळी भाषा मी घेतली, पण हा एक शब्द आईचा आहे, तो बदलणार नाही. घर द्यायचं तर या शब्दासकट द्या. बोलून तर गेले. वाटलं, गेलं घर हातचं. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पत्ते पिसायला लागली.

आता रोज कामावरून सुटले की तिच्याकडे जाते आणि पत्त्यांत हरते. परवा तिने आपण होऊन सांगितलं, की घर तुझं. विसार दिला. हत्ती गेला, शेपूट राहिलं. शेपूट म्हणजे माझा जन्माचा दाखला. त्याशिवाय परदेशी माणसाच्या नावावर इथे खरेदीखत होत नाही. जूनच्या मध्यापर्यंत तो हातात हवा, नाहीतर विसारही गेला आणि घरही गेलं. आपल्या पालिकेत जाऊन तेवढा काढून पाठव. एवढंच मागते आहे. मनातून दे किंवा दातओठ खाऊन दे, पण दे.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यांना शेक दे. तू दे, तुला हात आहेत.

तुझी हट्टी
बेबी


ता. १९ एप्रिल

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे पालिकेत जाऊन आलो. जन्माच्या वहीत तुझे नाव नाही. कारकुनासमोर मी स्वतः पाने पाहिली. तेव्हा दाखला मिळणे शक्य नाही.

मी दैववादी माणूस नाही, हे तू जाणतेस. पण ज्या मुलखात निघताना एक शब्द बोलला तर घर हातचे जायची वेळ येते, तिथे तू एकटी किती दिवस जपून बोलणार? उद्या आजारी पडलीस, तापात बरळलीस, तर ते कोण समजून घेणार? नशिबाने कौल दिला आहे. विसार गेला तर जाऊ दे. त्याबद्दल मी तुला कधीही बोलून दाखवणार नाही, हा शब्द देतो.

सप्टेंबरात ये. खोली तयार आहे. तू आलीस की तुझ्या वहिनीलाही हाताखाली माणूस होईल, तिचे गुडघे आता जिने आणि ओटा दोन्ही सोसत नाहीत. आपण तिघे सुखाने राहू. संध्याकाळी फिरायला जाऊ.

काच फुटली का, ते कळव. नुसते कुतूहल म्हणून.

जे करतो ते तुझ्यावरच्या मायेपोटी, हे विसरू नकोस.

तुझा
दादा


ता. २३ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. सोबत तुमचा दाखला आहे, आधी तो नीट काढून ठेवा, मग पुढे वाचा.

ह्यांनी तुम्हाला वहीत नाव नाही असं लिहिलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पालिकेतून आले, दाखला मिळत नाही म्हणाले, आणि छान घोरत झोपले. मला काही ते पटेना. माणूस जन्मला तर कुठेतरी लिहिलेला असणारच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाते सांगून मी पालिकेत गेले. जिना दोन ठिकाणी बसून चढले. कारकुनाने वही काढली. तुमची तारीख, सासूबाईंचं नाव, मामंजींचं नाव, सगळं होतं. मुलाच्या नावाच्या रकान्यात नुसतं मुलगी लिहिलं होतं. नाव ठेवायच्या आधी नोंद केली आणि नंतर तिकडे कुणी फिरकलंच नाही. ती ओळ ह्यांनाही दिसली असणार. चष्मा लावून गेले होते.

कारकून म्हणाला, की ही मुलगी कोण, ते घरातल्या माणसाने लिहून द्यायला हवं. मी विचारलं, भावजय घरातली धरता का? तो जरा घुटमळला. मी म्हटलं, की बेचाळीस वर्षं त्या घरात आहे, अजून किती राहिले की धराल? मग त्याने कागद पुढे सरकवला. वहीतली ही मुलगी म्हणजे आमच्या वन्सं, असं मी लिहून दिलं आणि खाली सही केली. एका दमात केली, हे मुद्दाम कळवते.

वन्सं, आता मनातलं सांगते. तुम्ही येऊ नका. तुमच्यावर राग असता तर गोड बोलून बोलावलं असतं. हे सगळ्यांना सांगत सुटले आहेत की बेबी आली की हिला आराम पडेल. म्हणजे तुम्ही जन्मभर परक्यांचं शिवलंत, आता इथे येऊन माझ्या जागी ओट्याशी उभं राहायचं. घरातली एक बाई थकली की तिच्या जागी दुसरी आणायची, हा कुठला न्याय? मी थकले असेन तर ह्यांनी आपलं ताट उचलावं. हे मी ह्यांना अजून बोलले नाही. पण तुमचं ते पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं, आईचा शब्द बदलणार नाही म्हणालात ते, तेव्हापासून माझ्या जिभेवर रोज येतं आणि परत जातं.

एक मात्र कबूल करायला हवं. खोलीचा रंग फार सुरेख आलाय. दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी तिथे जाऊन बसते. काही करत नाही, नुसती बसते. स्वयंपाकघर माझं आहे असं सगळे म्हणतात, पण तिथे कुणी बसू देतं का?

घर घ्या. मागे बघू नका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची
वहिनी


ता. १८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर झालं. काल खरेदीखतावर सही केली. दाखला आला. कसा आला ते मला विचारू नकोस. विचारलंस तर वहीतली ती ओळ तुला कशी दिसली नाही, ते मीही विचारीन.

नोंदणी कचेरीतल्या साहेबाने कागद चाळले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, आणि विचारलं की बाईंबरोबर सही करणारे गृहस्थ कुठे आहेत. दलाल पुढे होऊन काहीतरी सारवासारव करणार, एवढ्यात तपासनीसबाईंनी काठी आपटली आणि साहेबाला सांगितलं, की प्रवासी एक आहे, तिकीट एकच फाड. सगळी कचेरी हसली. साहेबाला हसू आलं नाही, पण शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दलालाने मला मालकीणबाई म्हटलं. मी त्याला म्हटलं, की आता जिना मी पुसीन, कारण आता तो माझा आहे.

काचेची पट्टी अजून शाबूत आहे. एका गवंड्याला भेग दाखवली, तो म्हणाला जुनी आहे, बसायची तेवढी भिंत बसली. तुझं काय मत ते कळव. खरंच हवं आहे.

आज सुट्टी घेतली होती. घरात सामान काही नाही, एक चटई आणि एक भांडं. पुढच्या खोलीत ऊन आलं तेव्हा चटई टाकून मी भर दुपारी त्यात झोपले. उठले तर तोंडाची एक बाजू भाजून लाल. उद्या लाँड्रीत सगळ्या हसतील. हसू देत. आरशात बघून मला रडू आलं, दादा, आणि ते दुःखाचं नव्हतं. माझ्या फरशीवर, माझ्या उन्हात मी भाजले आहे, आणि मला कुणी ऊठ म्हटलं नाही.

तू खोली प्रेमाने रंगवलीस, हे मला कळतं. दोन हात दिलेस, तेही कळतं. पण ती खोली तू बेबीसाठी रंगवलीस. बेबी आता एकसष्ट वर्षांची आहे.

रागाचं पत्र पाठवलंस तरी चालेल, पत्र पाठवणं थांबवू नकोस.

तुझी
बेबी


ता. १२ जुलै

चि. बेबीस,
आशीर्वाद.

पत्र पोचले. अभिनंदन करणार नाही. जुनी भेग म्हणणाऱ्या गवंड्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. एक पावसाळा काढू दे, मग बघू. पट्टी काढू नकोस.

दाखला कुणी पाठवला ते मी ओळखले. तुझ्या वहिनीने नाकारले नाही. वहीतली ओळ मला दिसली होती. दिसली होती, बस. त्यावर आणखी लिहिणार नाही.

पण पुढे जे झाले ते तुला कळायला हवे, कारण या सगळ्याचे मूळ तू आहेस. रागाच्या भरात मी म्हणालो की आता ती खोली भाड्याने देतो. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तर तिची गादी, शिवणयंत्र आणि रेडिओ मागच्या खोलीत. सुतार दाराला आतून कडी ठोकत होता. तो माझा माणूस, वीस वर्षे माझ्या कामांवर होता. मला पाहून मान खाली घातली, पण हातोडा थांबवला नाही. दुपारी दोन ते पाच ती आतून कडी लावते. काय करतेस विचारले, तर म्हणते बसते. मी म्हटले, बसायला बाहेर जागा नाही का? तर म्हणाली, बाहेर बसले की कुणीतरी उठवतं. आता तूच सांग, मी तिला कधी उठवले? चहाच्या वेळेला हाक मारतो, तेवढीच.

चहा सध्या मी करतो. साखर कुठे असते ते सापडायला एक सकाळ गेली.

बेबी, आता शेवटचे लिहितो, आणि यावर थट्टा करू नकोस. मला भीती वाटते. तुझे पत्र यायला तीन आठवडे लागतात. तुला काही झाले तर तू गेलेली असशील आणि मी इथे बसून तुला भिंतीबद्दल लिहीत असेन. खोली त्यासाठी रंगवली होती. तू पलीकडच्या खोलीत खोकलीस तर मला कळले असते. मला कमी ऐकू येते, पण तेवढे आले असते.

ते असो. तू तुझ्या वहिनीला चार शब्द समजावून लिही. तुझे ती ऐकते. तिला म्हणावे, बाहेर ये.

लोभ होता तेवढाच आहे. तो कमी करायचे जमले नाही.

तुझा
दादा


ता. ५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थट्टा करत नाही. पत्र वाचून मी गच्चीवर जाऊन बसले आणि बराच वेळ उतरले नाही. भीती मलाही वाटते. तीन आठवडे दोन्ही बाजूंनी सारखेच आहेत, तुझी बातमीही मला शिळीच मिळेल. पण ती भीती घालवायला मी मागच्या खोलीत येऊन खोकत बसणार नाही. तू कानाचं यंत्र घे. मी घरात फोन घेतला आहे. दर रविवारी मी बोलेन आणि तू ऐकशील, आणि त्या दिवशी भिंतीचं आधी बोलू.

एकतीस तारखेला माझा लाँड्रीतला शेवटचा दिवस. एक तारखेपासून तुझ्या बहिणीचा पत्ता म्हणजे तिचं घर. पाकिटावर तसंच लिही. मार्फत अमुक हॉटेल असं आता लिहायचं नाही.

वहिनींना समजावून लिही म्हणालास. लिहिलं आहे. ते या पाकिटात नाही, वेगळ्या पाकिटात आहे. इतकी वर्षं पाकीट तुझ्या नावाचं असायचं आणि वहिनींच्या वाट्याला शेवटच्या ओळीतला नमस्कार. या खेपेला पाकिटावर फक्त त्यांचं नाव आहे, आणि पत्त्याच्या पहिल्या ओळीत मागची खोली असं लिहिलं आहे. पोस्टमन ते तुझ्याच हातात देईल. फोडू नकोस. दोन ते पाचच्या मधे आलं तर थांब. पाचनंतर चहा करून घेऊन जा, दार ठोक, पत्र आणि कप त्यांच्या हातात दे. त्यांनी बस म्हटलं तर बस. नाही म्हटलं तर दार ओढून घे आणि परत ये.

माया करतोसच, आता जरा ऐकतही जा.

तुझी
बेबी, घरमालकीण